मधली धार

पहिली धार सोडून द्यायची,
मधली डबीत धरायची,
उके मॅडमनी दोनदा बजावलं होतं.
सकाळी सहाला न्हाणीत उभा मी,
दोन पोरांचा बाप,
बोटांवर सांडू नये म्हणून श्वास रोखून.
बाहेर कूलरची वाळ्याची ताटी ठिबकतेय,
मे महिना,
पाचपावलीत ऊन आत्ताच भिंतीला टेकलंय.

डबी कोमट लागते हाताला.
मंदा ती संत्रा बर्फीच्या रिकाम्या पिशवीत ठेवते, वर गाठ मारते.
मेट्रोत मी पिशवी मांडीवर घेऊन बसतो.
समोरच्या पोराची नजर
हलत नाही तिच्यावरून.

पाणी माझं.
गाळणी सासूची.

पार्बताबाई नंदनवार, वय एकसष्ट,
तांडापेठेत तीस वर्षं हातमागावर.
आईचा गट जुळला नाही,
भाऊ फोन उचलेना,
तेव्हा पदर खोचत म्हणाली होती,
"माह्यापाशी दोन हायेत नं बाप्पा,
एक काय लोनच्यात घालू?"
तेव्हापासून ती माझी तब्येत विचारत नाही.
"कशी हाय ते?" एवढंच,
जशी मंदानंतर या घरात दिलेली
तिची धाकटी लेक.

धंतोलीत, जिन्याखालच्या लॅबमध्ये
उके मॅडम डबीवर नाव चिकटवतात.
"रक्तातलं क्रिएटिनिन म्हणजे पंचनामा हो,
घर फुटल्यावर लिहिलेला.
आम्ही लघवीत कुजबुज ऐकतो.
आतले पहारेकरी पाहुणीवर संशय घेऊ लागले
की काही प्रथिनं आधीच खाली उतरतात.
अजून अभ्यासच चाललाय,
पक्कं नाही सांगत."
शेवटचं वाक्य त्यांनी
काचेच्या नळीसारखं जपून ठेवलं.

आठवड्याने कागद आला.
क्रिएटिनिन एक पूर्णांक दोन, नेहमीचंच.
लघवीतला आकडा मात्र चढलेला.
डॉक्टर चष्म्यावरून बघत म्हणाले, "गोळ्या वेळेवर?"
"हो," मी म्हणालो.
पपनस सोडलं होतं, पाणी मोजून पीत होतो,
कोणी काहीही विचारलं असतं तरी उत्तर तयार होतं.

पण लग्नसराई होती,
माझा लायटिंगचा धंदा.
उमरेड रोडच्या लॉनवर, माळा जोडता जोडता
रात्री नऊची गोळी
खिशातच राहिली.
एकदा. मग तीनदा. मग मोजणं सोडलं.
एक तर शर्टाबरोबर धुवायला गेली,
मंदाला बादलीत कागद तेवढा सापडला, चांदीच्या रंगाचा.
तिने तो फेकून दिला, काही विचारलं नाही.
रक्तानेही वाच्यता केली नव्हती.
लघवीने चुगली केली.

तांडापेठेत गेलो. मागाचा खड्डा
केव्हाच बुजवलाय, त्यावर आता पलंग.
ती ओट्यावर बसून शेवया मोडत होती.
मी आकडा सांगितला. तिला आकडा कळला नाही.
मग कुजबुजीचं सांगितलं. ते लगेच कळलं.
"धागा तुटाच्या आंधी मागाचा आवाज बदलते.
धोटा जड बोलते.
तवाच हात थांबोला तं एका गाठीत भागते,
नाई तं इतभर लुगडं उसवा लागते."
शेवयांचा भुगा झटकला,
तळवा पोटाच्या डाव्या बाजूला ठेवला,
जिथे तिचं आता काही नाही.
"कोन्त्या टायमाची चुकली?"

मी विचारलं नव्हतं, तिला कुणी सांगितलं.
"रात्रीची," म्हणालो.
त्यावर ती रागावली असती तर बरं झालं असतं.

गुरुवारी बायोप्सी आहे.
सुई किती लांब असते हे मी बघून ठेवलंय,
बघायला नको होतं.

आज मानेवाड्याला मंडप.
बँडवाल्यांनी कान बसवलेत,
जनरेटर खोकतोय, नवरदेव अजून आलेला नाही.
नऊ वाजता खिशात फोन थरथरतो.
"हॅलो" नाही, "कशी हाय" नाही.
मी दाताने कागद फाडतो,
बाटलीतलं गरम झालेलं पाणी तोंडात घेतो.
पलीकडे ती काही बोलत नाही,
ऐकत असते,
घोट उतरेपर्यंत.